रिफ्लेक्टर की टीआयआर लेन्स?

दिव्यांचा कारखाना ऑप्टिक्सकडे, म्हणजे प्रकाशाला दिशा देणाऱ्या भागांकडे वळतो तेव्हा पहिली अडचण हीच असते: रिफ्लेक्टर घ्यायचा, की टीआयआर लेन्स, म्हणजे आतल्या भिंतीवरून प्रकाश पूर्ण परावर्तित करणारी पारदर्शक प्लास्टिकची लेन्स? रिफ्लेक्टरसाठी पत्रा दाबून पॉलिश करायचा किंवा प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा थर चढवायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं. तो थर साधारण 85 ते 90 टक्के प्रकाश परतवतो. पण एलईडीचा मधला प्रकाश रिफ्लेक्टरला न शिवताच बाहेर पडतो, म्हणून मुख्य झोताभोवती फिकट कडं दिसतं.

टीआयआर लेन्समध्ये हा मधला प्रकाश आतल्या भिंगातून जातो आणि बाजूचा तिरक्या भिंतीवरून पूर्ण परावर्तित होतो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक 1.49, म्हणजे क्रांतिक कोन सुमारे 42 अंश; भिंतीवर त्याहून तिरपा पडलेला प्रकाश पूर्ण परततो. मुलामा लागतच नाही. मात्र त्या भिंतीला बोटाचा तेलकट ठसा किंवा गोंद लागला की तिथून प्रकाश गळतो. लेन्स उचलायची ती कडेच्या पट्टीला धरूनच.

खरी परीक्षा साच्यात होते. जाड लेन्स बाहेरून आधी गोठते, आतला भाग नंतर आकसतो आणि पृष्ठभाग खचतो. जाडी दुप्पट झाली की थंड व्हायला जवळपास चौपट वेळ. घाई केली तर झोत बिघडतो, आणि नुसत्या डोळ्यांना लेन्स ठीकच दिसते! साच्यात घालायचे प्लास्टिकचे दाणे नीट वाळवले नसतील तर चंदेरी रेघा उमटतात.

मोठ्या सीओबी एलईडीला (एकाच पाटीवर अनेक चिप जवळजवळ बसवलेली एलईडी) रिफ्लेक्टरच बरा. तेवढ्या आकाराची लेन्स ओतणं सहसा परवडत नाही. चिप लहान आणि झोत अरुंद हवा असेल तर लेन्स घ्यावी, पण मग एलईडी अर्धा मिलिमीटर सरकलेलीही चालत नाही.