पुण्याचा पाऊस, दिल्लीचा उकाडा, लेहची थंडी: एका बॅगेत काय आणि कसं भरावं

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्या-मुंबईहून लडाखला निघताना बॅग भरणं सह्याद्रीतल्या कुठल्याही ट्रेकच्या तयारीपेक्षा मला अवघड वाटतं. घरातून निघताना पाऊस असतो. दिल्लीच्या मुक्कामात रात्रीसुद्धा घाम येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लेहला विमानातून उतरलं की कोरडी, बोचरी हवा अंगावर येते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर, पण दिल्लीहून विमानाने ही उंची सव्वा-दीड तासात गाठल्यावर अंगाला सवय होणार कधी? त्यात देशांतर्गत विमानात बहुतेक तिकिटांवर सामानाची मर्यादा १५ किलो, हातात ७ किलो. त्यामुळे प्रत्येक कपडा हातात घेतला की ठरवावं लागतं, हा घेतला तर मागे काय ठेवायचं.

पुढचं सगळं जून ते सप्टेंबरमध्ये विमानाने लेहला जाऊन गाडीने नुब्रा खोरं आणि पँगाँग सरोवर फिरणाऱ्यांसाठी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्यांना यातली बरीच उत्तरं उलटी लागू पडतील.

एक जाड जॅकेट की तीन पातळ थर

बहुतेक घरांत पहिली खरेदी जाड जॅकेटची होते. दुकानात ते अंगात घातलं की लगेच ऊब वाटते आणि आता काळजी नाही असं होऊन जातं. दुसरा पर्याय म्हणजे आत थर्मल, त्यावर फ्लीस (कृत्रिम धाग्याचं लोकरीसारखं मऊ कापड) किंवा हलकं डाउन, म्हणजे आत पिसं भरलेलं जॅकेट, आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं विंडचीटर.

कुठला बरा, हे लेह ते नुब्रा हा एकच दिवस डोळ्यांसमोर आणला की कळतं. सकाळी लेहहून निघताना थंडी बेताची असते. दोन-अडीच तासांत गाडी खारदुंग ला खिंडीत, म्हणजे ५,३५९ मीटरवर पोचते. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे लेहपेक्षा तिथे सुमारे बारा अंश कमी, आणि वारा वेगळाच. तिथून गाडी उतरत दुपारी नुब्रा खोऱ्यात साधारण ३,१०० मीटरवर येते. तिथल्या हुंडर गावाच्या वाळूत उन्हात उभं राहिलं तर शर्टसुद्धा नकोसा होतो. संध्याकाळी ऊन डोंगराआड गेलं की अर्ध्या तासात पुन्हा गारठा. जाड जॅकेटवाल्याला या दिवसात दोनच सोयी, घालणं किंवा काढणं. घातलं तर गाडीत घाम येतो, तो घाम खिंडीतल्या वाऱ्यात गार पडतो आणि माणूस कुडकुडतो. थरवाला एक काढतो, एक चढवतो, आणि अंग कोरडं राहतं.

वजनातही फरक पडतो. बाजारातलं जाड जॅकेट सहज सव्वा ते दीड किलो भरतं. फ्लीस, हलकं डाउन आणि विंडचीटर मिळून साधारण एक किलोत बसतात. शिवाय त्यातलं विंडचीटर पाणी अडवणारं घेतलं, तर पुण्यातल्या पावसात तेच वापरता येतं, वेगळा रेनकोट न्यावा लागत नाही. जाड जॅकेट पुणे-दिल्ली टप्प्यात नुसतं ओझं असतं.

माझा कौल थरांना आहे. पण जाड जॅकेट कुणाला हवंच, हेही सांगायला हवं. खांदे आखडलेल्या ज्येष्ठांना डोक्यावरून फ्लीस काढणं-घालणं त्रासाचं होतं, आणि विरळ हवेत तेवढ्यानेही दम लागतो. त्यांना पुढून चेन असलेलं एकच जॅकेट द्यावं आणि आत पातळ थर्मल. साडी नेसणाऱ्या आई-आजींसाठी परकराच्या आत थर्मलची पँट आणि वर पुढून उघडणारा स्वेटर ही जोडी उत्तम जमते. शाल त्या घेतातच, पण वाऱ्यात शाल सावरत बसावी लागते. तिच्यावर विसंबू नये.

अंगालगतचा कपडा

इथे पैसे वाचवायला जाऊ नये. सुती बनियन आपल्या सवयीचं, मऊ आणि स्वस्त, पण सूत घाम धरून ठेवतं आणि सावकाश वाळतं. पुण्यात त्याने काही बिघडत नाही, खिंडीत बिघडतं. पॉलिएस्टरचं थर्मल पाणी जवळपास पीतच नाही, घाम बाहेरच्या बाजूला पसरतो आणि उडून जातो. ते हलकं, परवडणारं आणि रात्रीत वाळणारं. दोष एकच, दोन दिवस घातलं की वास येतो. मेरिनो मेंढ्यांची लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही आणि वास फार उशिरा धरते. ती महाग आहे आणि धुताना जपावी लागते.

आठ-नऊ दिवसांच्या सहलीला पॉलिएस्टरचे दोन जोड पुरतात. मेरिनोचा एकच जोड घेणं परवडत असेल तर तो झोपण्यासाठी राखावा. आपल्याकडे हिवाळ्यात दुकानांत 'थर्मल' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं सूतमिश्रित असतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

सुती कपडे मात्र घरी ठेवू नका. दिल्लीच्या उकाड्यासाठी एक-दोन सुती कुर्ते किंवा शर्ट हवेतच, आणि लेहमध्ये दुपारी पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट फार उपयोगी पडतो. त्या उंचीवर ऊन खूप कडक असतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. हवा गार असते म्हणून चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी मानेची, हातांची कातडी लाल झालेली दिसते.

मधला थर: स्वेटर, फ्लीस, डाउन

घरी विणलेला स्वेटर असेल तर जरूर घ्या, ऊब उत्तम देतो. पण तो जागा खातो आणि जाळीतून वारा आत येतो, म्हणून वर विंडचीटर हवंच. फ्लीस ओलं झालं तरी बरीच ऊब टिकवतं, लवकर वाळतं, कसंही कोंबा. डाउन वजनाच्या मानाने सगळ्यांत गरम आणि मुठीएवढ्या पिशवीत मावणारं, पण भिजलं की पिसं चिकटतात आणि ऊब जाते. लेहला वर्षभरात पाऊसच जेमतेम १०० मिलिमीटर, तेव्हा तिथे डाउनला धोका कमी. धोका आहे तो घरून विमानतळापर्यंतच्या वाटेवर. डाउन नेहमी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत ठेवा.

घडी, वळकटी की व्हॅक्यूम पिशवी

सुती शर्ट-कुर्त्याला घडी बरी. थर्मल, फ्लीस, ट्रॅकपँट आणि पायमोजे यांना वळकटी. चुरगळण्याचा प्रश्न नाही आणि बॅग उघडली की काय कुठे आहे ते वरून दिसतं. घडीच्या ढिगातला तळाचा कपडा काढायला अख्खा ढीग उचलावा लागतो.

व्हॅक्यूम पिशव्या मला या प्रवासासाठी पटत नाहीत. कपड्यांचा फुगवटा जातो, वजन तसंच राहतं. रिकामी झालेली जागा पाहून माणूस अजून भरतो आणि विमानतळावर काटा १५च्या पुढे जातो. शिवाय जाताना घरी हवा काढली, पण पँगाँगच्या तंबूत पंप कुठून आणणार? परतीला तेच कपडे फुगून बसतात आणि बॅग बंद होत नाही. हाताने गुंडाळून हवा काढायच्या पिशव्या मिळतात, त्या मात्र चालतील.

जाता जाता बाटल्यांचं सांगते. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. अर्धी भरलेली शाम्पूची बाटली बंद करून नेली की आतली हवा फुगते आणि झाकणातून शाम्पू कपड्यांवर येतो. बाटली दाबून हवा काढावी, मग झाकण लावावं. खोबरेल तेल दिल्लीत पातळ होऊन गळतं आणि लेहला गोठून बाटलीतून निघतच नाही, म्हणून ते रुंद तोंडाच्या डबीत न्यावं.

प्रकाराप्रमाणे लावायचं की मुक्कामाप्रमाणे

यावर कुणी फारसं बोलत नाही, आणि मला तर जॅकेटपेक्षा हेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपली घरची सवय कपाटाची. शर्ट एकीकडे, पँटी एकीकडे, गरम कपडे तळाशी. बॅगही आपण तशीच लावतो. मग होतं काय, दिल्लीच्या हॉटेलात एक सुती शर्ट काढायला तीन कप्पे उघडावे लागतात, आणि लेहला खोलीत पोचल्यावर थर्मल, कानटोपी, पायमोजे वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उपसावे लागतात. लेहचा पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा असतो. त्या दिवशी वाकून बॅगेत शोधाशोध केली तरी डोकं ठणकायला लागतं. म्हणजे बॅगेचा पसारा तिथे तब्येतीवरच येतो.

त्याऐवजी मुक्कामाप्रमाणे पिशव्या कराव्यात. पॅकिंग क्यूब विकत घ्यायची गरज नाही, वेगवेगळ्या रंगांच्या कापडी पिशव्या पुरतात. एक पिशवी घर ते दिल्लीची, त्यात सुती कपड्यांचा एक जोड. दुसरी लेहच्या पहिल्या दोन दिवसांची: एक थर्मल, फ्लीस, लोकरी पायमोजे, कानटोपी. ही हातातल्या बॅगेत, कारण चेक-इनचं सामान उशिरा आलं तरी उतरल्या उतरल्या गरम कपडे अंगावर चढले पाहिजेत. तिसरी नुब्रा-पँगाँगची. पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर आहे, सप्टेंबरात तिथे रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. म्हणून यात दुसरं थर्मल, डाउन, हातमोजे आणि फक्त झोपताना घालायचे कोरडे पायमोजे. नुब्राला निघताना हीच पिशवी आणि एक जोड घेऊन बाकी सामान लेहच्या हॉटेलात ठेवता येतं, बहुतेक ठिकाणी ठेवू देतात.

या पद्धतीतही एक खोट आहे. थर सगळीकडे लागतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी पिशव्यांची सरमिसळ होते. नुब्राहून परतल्यावर एकदा बसून त्या नव्याने लावाव्या लागतात. ज्यांना तेवढाही उत्साह नाही, त्यांनी निदान मळक्या कपड्यांची पिशवी वेगळी ठेवावी.

कुटुंब असेल तर प्रत्येकाची पिशवी वेगळी. सगळ्यांचे पायमोजे एकत्र ठेवले की पहाटे निघताना गोंधळ ठरलेला.

ट्रॉली की सॅक

एकट्याने किंवा मित्रांबरोबर जात असाल तर सॅक, आई-वडील बरोबर असतील तर ट्रॉली. फार मोठी ट्रॉली मात्र नको. लेहमध्ये अनेक गेस्टहाउसना लिफ्ट नसते आणि भरलेली ट्रॉली जिन्यावरून चढवणं पहिल्या दिवशी टाळायलाच हवं. एका मोठ्या ट्रॉलीऐवजी दोन लहान घ्या.

इथून न्यायचं की तिथे घ्यायचं

थर्मल, बूट आणि विंडचीटर इथूनच. थर्मल अंगाला नीट बसायला हवं आणि बूट आधी चार-सहा आठवडे पायात रुळायला हवेत. कानटोपी, हातमोजे, लोकरी पायमोजे लेहमध्ये मोती मार्केटला किंवा तिबेटी निर्वासितांच्या बाजारात मजेत मिळतात. तीच बॅगेतली वाचलेली जागा. जाड जॅकेट हवंच असेल तर लेहच्या दुकानांतून दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घ्या. पुण्यात तसलं जॅकेट विकत घेतलं तर उरलेली वर्षं ते कपाटात पडून राहणार. कुणाचा तरी हिमालय दरवर्षी होत असेल तर गोष्ट वेगळी.

कपडे कमी न्यायचं धाडस होत नसेल तर लेहची हवा लक्षात घ्या. तिथे सकाळी पिळून वाळत घातलेलं थर्मल उन्हात दुपारपर्यंत कोरडं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात याच कपड्याला दोन दिवस लागतात. म्हणून धुवायचे कपडे लेहच्या शेवटच्या मुक्कामात धुऊन, खडखडीत वाळवून मगच बांधा. घरी पाऊस असतो, ओलसर लोकर बॅगेत दोन दिवस राहिली तर कुबट वास धरते आणि बुरशी लागते. घरी आल्यावर स्वेटर वाळल्या कडुनिंबाच्या पाल्यात किंवा डांबराच्या गोळ्यांत ठेवा. डाउन मात्र त्याच्या छोट्या पिशवीत कोंबलेलं ठेवू नका. महिनोन्महिने दाबून राहिलं की पिसं पुन्हा नीट फुगत नाहीत. ते हँगरला सैल टांगून ठेवा.