जुनी हवाईयन गिटार, नऊ महिने वापरल्यावर: आवाजाला पैकीच्या पैकी, बटणाला भोपळा

आधी बटणाचंच सांगते, कारण नऊ महिने माझं डोकं त्यानेच खाल्लंय. व्हॉल्यूमचं बटण. उजव्या हाताच्या करंगळीला ते पोचत नाही. पट्टी लावून मोजलंय: शेवटच्या बारीक तारेपासून साडेतीन इंच, तेही घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागच्या कोपऱ्यात. ज्यांनी हे वाद्य मांडीवर घेतलंय त्यांना याहून जास्त सांगायला नको. तार छेडताना आवाज बंद ठेवायचा आणि छेडल्यावर करंगळीने हळूच उघडायचा, म्हणजे नखीचा आघात ऐकूच येत नाही, सूर लांबून चालत आल्यासारखा येतो. जुन्या रेकॉर्डवरचा तो रडवेला सूर निम्मा डाव्या हातातल्या बारचा (तारांवर सरकवायच्या धातूच्या कांडीचा) असतो आणि निम्मा या करंगळीचा. माझ्या गिटारीत करंगळीचा निम्मा भाग बंद.

घेतली दसऱ्याला, मिरजेतल्या एका काकांकडून, साडेचार हजारांना. पाच सांगत होते. पाचशे कमी करून घेतले तेव्हा मला फार हुशार वाटलं होतं. सहा तारा, लाकडी अंग, वरून मोत्यासारख्या चमकीचा प्लास्टिकचा पत्रा. कंपनीच्या नावाची पाटी उडालेली, तिथे दोन स्क्रूंची भोकं. काका म्हणाले कलकत्त्याची आहे आणि आणली तेव्हा ते कॉलेजात होते. कलकत्त्याची असणं पटण्यासारखं आहे. हवाई बेटांवरचे गिटारवादक ताऊ मो सहकुटुंब कलकत्त्यात राहिले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या हॉटेलांत वाजवत, आणि त्यानंतर त्या शहराला या वाद्याचं जे वेड लागलं ते गेलंच नाही. कवी नझरुल इस्लामांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली, ही सगळी वादक मंडळी तिकडचीच. आमच्या लहानपणी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की सिनेगीतांच्या धुना लावायचे, त्यात वॅन शिपले आणि हजारा सिंग यांची गिटार असायची. मी ते ऐकत भाकऱ्या थापल्यात. निवृत्तीनंतर काय करायचं हे तेव्हाच ठरलं होतं म्हणा ना.

माझा वापर सांगते, म्हणजे अंदाज येईल. आमचा जुन्या गाण्यांचा सात जणांचा ग्रुप आहे. सांगली, मिरज, तासगाव, विटा, क्वचित कराड. नऊ महिन्यांत एकवीस कार्यक्रम झाले आणि घरी रोज तासभर रियाज. म्हणजे ही कपाटात ठेवायला घेतलेली जुनी वस्तू नाही, वडापमध्ये मांडीवर घेऊन फिरवलेली आहे.

आवाजाबद्दल मात्र तक्रार करायला तोंड उघडत नाही. ई मेजरला लावते (जाडीकडून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई), म्हणजे मोकळ्या तारा पांढरी तीन (पेटीची तिसरी पांढरी पट्टी). आमचे गायक काळी एकमध्ये गातात, की दांड्यावरच्या नवव्या रेघेवर घर करायचं. गायिका काळी चारमध्ये, की चौथ्या रेघेवर. कीबोर्डवाला बटणं दाबत बसतो, तोवर मी बार सरकवून मोकळी. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं! सतारीवर तार ओढून बोटं कापतात, इथे नुसता बार सरकवायचा. फक्त रेघेच्या बरोबर वर पाहिजे, आणि खुर्चीतून तिरकं बघितलं की रेघ फसवते. पहिले दोन महिने मी सगळी गाणी कणभर चढी वाजवली. तबलजींनी सांगितलं नसतं तर अजून वाजवत असते.

उन्हाचं एक. तासगावला एप्रिलमध्ये पत्र्याच्या मंडपात तीन तास वाजवलं, सूर हलला नाही. लाकडाचे उपकार. विजेच्या गिटारीचं पहिलं खपलेलं रूप याच जातीचं, १९३२ सालची रिकेनबॅकरची 'फ्राइंग पॅन', तिचं अंग ओतीव अॅल्युमिनियमचं होतं आणि स्टेजवरच्या दिव्यांनी तापली की सूर सरकायचा. म्हणून त्यांनी १९३५ मध्ये बॅकेलाइटची (एक कडक प्लास्टिक) काढली. ती आज लाखांत जाते म्हणे. जाऊ दे, मला तासगावात वाजवायचंय.

घरघर मात्र आहे. एकाच कॉइलचा पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग), तो आसपासच्या विजेचा सगळा केरकचरा गोळा करतो. एलईडी पडदा मागे असला तर विचारूच नका. उभं राहून वाजवायची गिटार असती तर अंग वळवून कमी करता आली असती. ही मांडीवर, म्हणजे खुर्चीच वळवायची. एका जत्रेत घरघर कमी होईल अशी जागा शोधता शोधता मी प्रेक्षकांकडे खांदा आणि तबलजींकडे पाठ करून बसले. फोटोत रुसल्यासारखी दिसते.

आणि त्याच जत्रेत तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात ती गप्प झाली. वायर बदलली, अॅम्प बदलला, काही नाही. उरलेला कार्यक्रम मी टाळ वाजवून काढला. मानधन पूर्ण मिळालं, त्याची लाज अजून वाटते.

दुरुस्तीची कथा लांबडी आहे. पुण्यातल्या एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात एसटीने नेऊन दिली. 'आठ दिवसांत फोन करतो, मॅडम.' पाच आठवडे मीच फोन करत होते. शेवटी गेले तर गिटार त्याच कव्हरमध्ये, चेन मी जशी लावली होती तशीच. पिकअप गेलाय, सुटे भाग मिळत नाहीत, नवीन लॅप स्टील (हीच मांडीवरची गिटार) अठरा हजारांत देतो, आणि हो, तपासणीचे पाचशे. उघडलीच नाही तर तपासली काय? पाचशे दिले नाहीत. भांडण झालं. मी पतसंस्थेत तीस वर्षं वसुली केलेली बाई आहे, मला कोण काय सांगणार.

मग सांगलीतच, मिक्सरच्या आणि पाण्याच्या मोटरी वाइंडिंग करणाऱ्या एका मुलाकडे गेले. त्याने मीटर लावला. 'मावशी, कॉइल तुटलीय. तार कुठली भरायची तेवढं सांगा, भरून देतो.' मी नेटवर वाचून गेले होते: पिकअपला बेचाळीस नंबरची तार. तेच सांगितलं. दोन दिवसांत दिली. गिटार बोलली, पण शेजारच्या घरातून बोलल्यासारखी. अॅम्प पूर्ण उघडला तरी बासरीच्या खाली. घरघरसुद्धा कमी झाली होती, म्हणून दोन दिवस मी स्वतःची समजूत काढली की चला, बरंच झालं.

तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन तणतणले. त्याने शांतपणे मीटर लावला: कॉइलचा विजेला अडथळा नऊशे ओहमच्या आसपास. असल्या पिकअपला सहा-सात हजार तरी पाहिजेत. मग उलगडा झाला. तारेचे नंबर अमेरिकेत वेगळे, आपल्याकडे वेगळे. तिकडची बेचाळीस म्हणजे केसापेक्षा बारीक, मिलिमीटरचा सोळावा भाग. आपल्या बाजारातली बेचाळीस त्याच्या दीडपट जाड, मिलिमीटरचा दहावा भाग. तीन हजार वेढ्यांच्या आतच बॉबिन भरलं, सात-साडेसात हजार पाहिजे होते. तिकडच्या बेचाळीसला आपल्याकडची जवळची तार शेहेचाळीस. चूक त्याची नव्हती, मी सांगितलं तेच त्याने केलं. कुणी जुना पिकअप भरून घेणार असेल तर एवढी एक ओळ कागदावर लिहून घेऊन जा: नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. ०.०६.

शेहेचाळीसचं लहान रीळ त्याने कोल्हापूरहून मागवलं. दुसऱ्यांदा भरताना तार दोनदा तुटली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात. हाताने फिरवायचं चाक, त्याला वेढे मोजायचा काटा, आणि तो मुलगा श्वास धरल्यासारखा बसलेला. पंखा बंद, कारण वाऱ्याने तार हलते. मे महिन्यात. किलोमीटरहून जास्त लांब तार त्या एवढ्याशा बॉबिनवर गेली. मीटरवर साडेसहा हजार दिसले तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता पंखा लावला. दोन्ही वेळचे मिळून सहाशे घेतले. मी सातशे दिले. माझ्या ओळखीतले लोक यावर विश्वास ठेवणार नाहीत.

याच वेळी मोकळ्या तारांची झणझण पण काढून घेतली. चौथी तार मोकळी वाजवली की तंबोऱ्यासारखी झंकारायची. मिरजेत सतारमेकर गल्लीत नेली. २०२४ मध्ये जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तिथे ही प्लास्टिकच्या पत्र्याची गिटार घेऊन जायला जरा संकोच वाटत होता. त्यांनी तार एकदा छेडली आणि हसले. 'ताई, ही तर जवारी आहे, सतार-तंबोऱ्यात मुद्दाम आणतात तो झंकार. लोक आमच्याकडे जवारी लावून घ्यायला येतात, तुम्ही घालवायला आलात.' डोक्याकडच्या पट्टीतली खाच कानसेने दोन-चार वेळा घासली, तार बसवली, झंकार गेला. पैसे विचारले तर चहा मागवला.

आता बटण. वाइंडिंगवाल्या मुलाने पिकअप काढायला वरचा पत्रा उचलला तेव्हा त्याखाली, बरोबर करंगळी जिथे पडते तिथे, एक गोल लाकडी गुडदी ठोकून बुजवलेलं भोक निघालं. म्हणजे बटण मुळात तिथेच होतं! कलकत्त्याच्या ज्या कुणा कारागिराला मी इतके महिने शिव्या घातल्या, त्याने काम चोख केलं होतं.

काकांना फोन केला. 'अहो ताई, ते भोक मीच बुजवलंय. मी पायाने वाजवायचो.' पायाने म्हणजे काय, हे कळायला भेटायलाच जावं लागलं. त्यांनी शिलाई मशीनच्या मोटरीचं पायाने दाबायचं पेडल घेऊन त्यात आवाजाचा कंट्रोल बसवला होता. आवाजाचं सगळं काम पाय करायचा आणि हाताचा बटणाला चुकूनसुद्धा धक्का नको, म्हणून बटण दूर कोपऱ्यात आणि भोकावर नवा पत्रा. मग पेडल कुठाय? २०१९ च्या महापुरात गेलं. गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली, पेडल आणि अॅम्प खाली होते. 'मला वाटलं तुमच्याकडे पेडल असेल,' काका म्हणाले. घेताना मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी पाचशे कमी करण्यात गुंतले होते.

त्यांनी खुर्ची ओढून गिटार मांडीवर घेतली. हात थरथरतो, पण बार तारेवर टेकला की थांबतो. पाय मात्र सगळा वेळ रिकाम्या फरशीवर वर-खाली होत होता.

तर आता मत. विकत घ्यायची पेडलं बघितली, बरी म्हणावीत अशी गिटारीपेक्षा महाग. नाही घेणार. पंधरा दिवसांपूर्वी गुडदी ठोकून काढली, पत्र्याला भोक पाडलं, बटण मूळ जागी आणलं. कंट्रोल नवीन, साठ रुपयांचा, कारण जुना खरखरत होता. बार पण बदलला: जुन्याला टोचे पडले होते आणि ते तारेवर ऐकू यायचे. कुपवाड एमआयडीसीत लेथवर स्टेनलेसचा करून घेतला, पाऊण इंच जाड, तीन इंच लांब, अडीचशे रुपये. तो एकदा पायावर पडलाय. बूट घालून बसा.

घ्यावी का अशी जुनी गिटार? गावात मोटर वाइंडिंगवाला, लेथवाला आणि कानस चालवणारा कुणी असेल तर खुशाल घ्या. नुसत्या वाद्यांच्या दुकानाच्या भरवशावर घेऊ नका. घेण्याआधी मीटर लावून पिकअप बघा, आणि विकणाऱ्याला विचारा की बटण इथे का आहे. शीर्षकातला भोपळा तसाच ठेवते, नऊपैकी साडेआठ महिने तो खरा होता.

कोपऱ्यातलं जुनं भोक अजून उघडं आहे. त्यातून धूळ जाते म्हणून सध्या जखमेला लावायची चिकटपट्टी लावलीय.