'द मॅड विमेन्स बॉल': भुतं नसती तर बरं झालं असतं

व्हिक्टोरिया मास यांची पहिली कादंबरी. मूळ फ्रेंच २०१९ची, फ्रँक विन यांचा इंग्रजी अनुवाद २०२१चा. काळ १८८५, जागा पॅरिसचं साल्पेत्रिएर, म्हणजे बायकांचं वेड्यांचं इस्पितळ. १८३८च्या कायद्याप्रमाणे घरच्यांचा अर्ज आणि एका डॉक्टरचा पंधरा दिवसांच्या आतला दाखला मिळाला की बाईला आत टाकता येई. नायिका युजेनीला तिचे वडीलच तिथं सोडून येतात.

सर्वांत जमलेत ते तिथले मज्जातज्ज्ञ डॉक्टर शार्को यांच्या व्याख्यानांचे प्रसंग. पुरुषांनी भरलेलं सभागृह, संमोहित केलेली रुग्ण लुईज आणि मागणीनुसार आणलेला हिस्टेरियाचा झटका. खऱ्या साल्पेत्रिएरमध्ये झटका थांबवायला अंडाशयाच्या जागी पोटावर जोर देत, त्यासाठी स्क्रूनं आवळायचा पट्टासुद्धा होता. गुंगी आणणारं इथर हुंगवणं तर नेहमीचंच.

गोची एकच. युजेनीला मृतात्मे खरोखर दिसतात. मग डॉक्टर चुकले हे लेखिकेनंच ठरवून टाकलं. खरोखर आजारी बाईवरचा अन्याय त्याहून अवघड, तो बाजूला पडतो. शाली विणत वर्षानुवर्षं तिथंच राहिलेली तेरेझ मात्र अस्सल उतरलीय. तिला बाहेर जायचंच नाही! तिच्यावर आणखी पानं हवी होती.