लोकअभिरक्षक की पॅनेल वकील: मनोरुग्णांची बाजू लढवायची असेल तर

मनोरुग्णांसाठी उभं राहायचंय आणि फी अशिलाकडून घ्यायची नाही, असं ठरवलेल्या वकिलासमोर महाराष्ट्रात दोन वाटा आहेत. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे वकिलांच्या यादीवर, येऊन मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळासमोरची (रुग्णाला दाखल करणं योग्य होतं का हे तपासणारं मंडळ) प्रकरणं घ्यायची, किंवा प्राधिकरणाच्याच लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात, पूर्णवेळ रुजू व्हायचं.

पैशांचा प्रश्न आधी. लोकअभिरक्षकाला दरमहा ठरलेलं मानधन मिळतं, पण नेमणूक कराराची असते आणि खासगी वकिली पूर्ण बंद करावी लागते. पॅनेलवर प्रकरणागणिक फी मिळते. त्यावर घर चालत नाही, मात्र स्वतःची प्रॅक्टिस चालू ठेवता येते. वकिलीत तीन वर्षं न झालेल्यांना पॅनेलवर सहसा घेत नाहीत. सहायक लोकअभिरक्षक म्हणून मात्र नवख्यांनाही संधी असते.

लोकअभिरक्षकाचं काम फौजदारी. रोज रिमांड, जामीन, उलटतपासणी, आणि त्या गर्दीत अधूनमधून असा आरोपी, ज्याला आपण कुठे उभे आहोत हेच कळत नाही. ते पहिल्या भेटीत ओळखून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३६७ किंवा ३६८ खाली त्याच्या मनःस्थितीची तपासणी मागणं ही तुमची जबाबदारी. गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती हा वेगळा मुद्दा, तो भारतीय न्यायसंहितेच्या कलम २२ चा, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या कलम ८४ चा: मानसिक आजारामुळे आपण काय करतोय हे कळत नव्हतं, हा बचाव. दह्याभाई ठक्कर खटल्यापासून (१९६४) बचावाला हे निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, संभाव्यतेचा तोल, म्हणजे तसं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवणं, पुरतं. पण हा बचाव यशस्वी झाला तरी अशील थेट घरी जाईलच असं नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं. किरकोळ चोरीच्या खटल्यात हा बचाव घेण्याआधी अशिलाला हे समजावून सांगायलाच हवं. पणाला लागलेलं मोठंही असू शकतं: शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातली फाशी रद्द केली.

मंडळासमोरचं काम निराळं, आणि माझ्या मते जास्त अवघड. तिथे सरकारी वकील नसतो, समोर बहुधा अशिलाचा सख्खा भाऊ किंवा नवरा असतो. मंडळात न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ आणि डॉक्टर यांच्यासोबत आजार भोगलेल्या, शुश्रूषा करणाऱ्या किंवा संस्थांत काम करणाऱ्या दोन व्यक्ती असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ खाली रुग्णाला त्याच्या संमतीविना तीस दिवसांपर्यंत दाखल ठेवता येतं. हे मंडळाला सात दिवसांत, आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांत कळवावं लागतं. दाखल करण्याला आव्हान दिलं तर निकाल सात दिवसांत. एवढ्या वेळात केस पेपर मिळवायचे, अशिलाला नातेवाईक आणि नर्स यांच्या कानांपासून दूर नेऊन बोलतं करायचं, दाखल करण्याआधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, ते खरंच झालं का हे पाहायचं.

इथे बरेच चांगले वकील घसरतात. अशिलाचं भलं कशात आहे हे स्वतःच ठरवतात आणि डॉक्टरांच्या सुरात सूर मिसळतात. भल्याचा विचार करायला मंडळावर पुरेशी माणसं आहेत. ‘मला घरी जायचंय’ हे त्याचं म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडणारे तुम्ही एकटेच असता. घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं आत राहिलेल्यांसाठी कलम १९ हाताशी आहे: कुटुंब नाही, किंवा ते स्वीकारत नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. निर्णय विरुद्ध गेला, तर तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील आहे.

सनद नवी असेल, तर लोकअभिरक्षक कार्यालयच निवडा. उलटतपासणी शिकायची ती जागा. तीन-चार वर्षांची प्रॅक्टिस असेल आणि मन खरोखर या कामात असेल, तर पॅनेल. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यामुळे तिथल्या वकिलांना पॅनेलवर असं काम मिळण्याची शक्यता जास्त. इतर जिल्ह्यांत अर्ज करण्याआधी प्राधिकरणाच्या सचिवांना भेटून, मंडळाची प्रकरणं तिथल्या पॅनेलकडे येतात का, हे विचारून घ्या.