घोड्यांच्या रेसचे ‘फिक्स विनर’ विकणारे: नागपूरकरांनो, हे वाचल्याशिवाय एक रुपया पाठवू नका

नागपुरात रेसकोर्स नाहीये, आपल्याकडे घरात रेसचं नावही कोणी काढत नाही, तरी सध्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांच्या मोबाईलवर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचं कार्ड (त्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांची यादी) फिरतंय. ‘उद्याच्या आठही रेसचे विनर, स्टेबलमधून आलेली बातमी, लॉस झाला तर पैसे परत’ असं लिहिलेलं असतं (स्टेबल म्हणजे घोड्यांचा तबेला). यात माझे थोडे पैसे गेले आणि माझ्या आतेभावाचे दीड लाखाच्या आसपास गेले. त्याचं नंदनवनला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, माल भरायला ठेवलेले पैसे होते ते. तो घरात अजून कोणाशी धड बोलत नाही, म्हणून हे मीच लिहून राहिलो, त्याला विचारूनच.

आधी एक सांगतो. मला रेस आवडते. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा पावसाळ्यात तिकडच्या रेसकोर्सवर जायचो (पुण्याचा सीझन पावसाळ्यात असतो, मुंबईचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल), सोबतचे म्हातारे काका लोक रेसबुकावर पेन्सिलीने खुणा करत बसायचे आणि एकेका घोड्यावर अर्धा अर्धा तास वाद घालायचे, त्यात खरंच अभ्यास असतो. त्यामुळे रेस म्हणजे सगळंच लफडं असं मला म्हणायचं नाहीये. उलट ज्यांना यातलं थोडंफार कळतं तेच या लोकांच्या तावडीत पटकन सापडतात, कारण यांचं कार्ड दिसायला एकदम खरं असतं आणि खरी गोम तिथेच आहे.

त्या कार्डात रेसची वेळ, अंतर, क्लास (घोड्यांची श्रेणी), प्रत्येक घोड्यावरचं वजन, ड्रॉ (घोडा कितव्या गेटमधून सुटणार तो नंबर), जॉकी, ट्रेनर, मागच्या रेसमधला नंबर सगळं बरोबर असतं. असणारच, कारण ही माहिती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब स्वतःच रेसच्या आधी सगळ्यांसाठी जाहीर करतो (क्लबचा या चोरांशी काही संबंध नाही, हे स्पष्ट लिहितो). चोर फक्त ती उचलतात, वर चकाचक घोड्याचा फोटो लावतात आणि एका नंबरसमोर ‘शुअर शॉट’ लिहितात. बस. फुकटच्या माहितीवर त्यांची एवढीच काय ती मेहनत.

आता खरा अभ्यास करणारा माणूस दुसऱ्या दिवशीच्या रेसबद्दल कसं लिहितो ते बघा. तो लिहील की हा घोडा मागच्या वेळी १२०० मीटरला शेवटच्या टप्प्यात जोरात येत तिसरा आला होता, आज अंतर १४०० आहे म्हणजे त्याला वाढीव जागा मिळतेय, वजन पण दोन किलो कमी झालंय, पण ड्रॉ एकदम बाहेरचा आहे आणि जॉकी बदललाय, त्यामुळे पहिल्या तिघांत धरा, पुढचं मी सांगत नाही. असं ‘पण’ त्यात असतंच, असावंच लागतं. कारण हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या रेटिंगच्या घोड्यावर मुद्दाम जास्त वजन आणि कमी रेटिंगवाल्यावर कमी वजन देतात, सगळे जवळजवळ बरोबरीने यावेत हाच तर हेतू असतो. त्यावर ऐनवेळी एखादा घोडा बाद होतो, एखादा गेटमधूनच उशिरा सुटतो, पुढे जागा मिळत नाही. फेवरेट घोडासुद्धा, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेले असतात तो, जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरतोच. आणि हे साहेब म्हणतात आठही विनर फिक्स!

मी आणि आतेभाऊ, आम्ही दोघं असं कार्ड विकणाऱ्या एकाच माणसाच्या व्हीआयपी प्लॅनमध्ये होतो पण वेगवेगळ्या वेळी पैसे भरलेले, आणि त्याने दोघांनाही बजावून ठेवलं होतं की कार्ड कोणाला दाखवायचं नाही, लीक झालं तर मेंबरशिप रद्द. मला वाटलं धंद्याची गोष्ट आहे, त्यालाही आपली बातमी जपायची असेल. एका रविवारी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खात होतो आणि दोघांचेही मोबाईल एकदमच वाजले, कार्ड आलं. आतेभाऊ हळूच म्हणाला, दादा, चौथ्या रेसमध्ये बेस्ट बेट आहे म्हणे, ७ नंबर. मी म्हटलं ७ नाही, ३. तो म्हणाला, “काहून? माह्याकडे तर ७ आहे ना!” मग दोन्ही मोबाईल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तोच फोटो, तेच अंतर, तीच वजनं, ट्रेनरच्या नावातली टायपिंगची चूकसुद्धा तीच, आणि खाली तेच वाक्य, ‘स्टेबलमधून पक्की खबर, डोळे मिटून लावा’. फक्त माझ्याकडे ते वाक्य ३ नंबरसमोर होतं आणि त्याच्याकडे ७ नंबरसमोर. पोहे तसेच राहिले. आम्ही एकेक रेस वर खाली करून बघत बसलो, आठपैकी पाच रेसमध्ये दोघांना वेगळे घोडे दिलेले होते.

त्या दिवशी चौथ्या रेसमध्ये ना ३ आला ना ७, पहिला आला ५. आणि संध्याकाळी त्या माणसाच्या टेलिग्राम चॅनलवर पोस्ट पडली की ‘व्हीआयपी मेंबर्सना ५ नंबर दिला होता, मजा आली ना भावांनो’, खाली कोणाच्या तरी टोटच्या (रेसकोर्सच्या अधिकृत बेटिंगच्या) स्लिपचा फोटो आणि धन्यवादाचे मेसेज.

म्हणजे ही सगळी फक्त गणिताची गोष्ट आहे. समजा त्याच्याकडे ९०० लोक आहेत. रेसमध्ये दहा घोडे असले तरी जिंकण्यासारखे तीनच वाटतात, तेवढं कोणालाही कार्ड वाचून कळतं. तो ३०० जणांना पहिला घोडा देतो, ३०० जणांना दुसरा, ३०० जणांना तिसरा. तिघांतला एक जिंकला की ३०० लोक खूश. पुढच्या रेसला त्यांचेच परत तीन भाग केले की १०० लोकांना लागोपाठ दोन विनर, त्याच्या पुढे ३३ लोकांना लागोपाठ तीन. त्या ३३ जणांना वाटणार की हा माणूस देव आहे, आणि मोठी रक्कम मागायची ती यांच्याकडूनच. आतेभाऊ सुरुवातीला असाच त्या ३३ मध्ये सापडला होता बिचारा. ज्यांचे घोडे हरले त्यांना पण एक उत्तर तयार असतं, ऐनवेळी जॉकीने धोका दिला, पुढच्या रविवारी भरपाई करतो.

चॅनलवरच्या जुन्या पोस्टवर तर अजिबात जाऊ नका. टेलिग्राम चॅनलवरची पोस्ट ॲडमिनला नंतर बदलता येते आणि पुसली तर तिथे काही खूणही राहत नाही. त्यामुळे मागे जाऊन पाहिलं तर सगळे विनरच दिसतात, हरलेले सगळे गायब केलेले. वेळेच्या बाजूला एडिटेड असा बारीक शब्द दिसतो का तेवढं बघा, आम्हाला किती तरी पोस्टवर दिसला, पण तो शोधायची बुद्धी आधी कोणाला होते.

आतेभावाचं खरं नुकसान मात्र टिपमध्ये नाही, पुढच्या पायरीवर झालं. डर्बीच्या आठवड्यात त्याला ‘डर्बी स्पेशल’ ऑफर आली. इंडियन डर्बी म्हणजे महालक्ष्मीची सगळ्यात मोठी रेस, २४०० मीटर, चार वर्षांच्या घोड्यांची, १९४३ पासून चालू आहे आणि साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते, त्या वेळी ज्याला रेसमधलं काही कळत नाही तो पण विचारतो कोणता घोडा येणार. त्याला सांगितलं की नागपुरात बसून बेट लावायला आमचं ॲप आहे, पैसे टाक, पाचपट रेट आत्ताच लॉक करून देतो. यूपीआयवर पैसे घेतले, प्रत्येक वेळी वेगळं नाव, एकदा किराणा दुकान, एकदा ट्रॅव्हल्स, एकदा कोण्या बाईचं खातं. आधी त्याने थोडे पैसे काढून पाहिले तर खरंच बँकेत आले, त्यावरच त्याचा विश्वास बसला. मग ॲपवर बॅलन्स फुगत गेला आणि मोठी रक्कम काढायला गेला तर मेसेज आला, आधी जीएसटी आणि टीडीएस भरा, मगच पैसे निघतील. तोही त्याने दोन वेळा भरला.

हे नीट लक्षात ठेवा. रेसमध्ये जिंकलेल्या पैशावर ३० टक्के टीडीएस लागतो हे खरं आहे, पण जो पैसे देतो तोच तो कापून उरलेले तुमच्या हातात देतो, तुम्हाला वेगळे भरायला लावत नाही. आणि जीएसटी बेट लावतानाच त्या रकमेवर लागतो, २०२३ च्या ऑक्टोबरपासून २८ टक्के होता आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ४० टक्के केला. जिंकलेली रक्कम सोडवायला टॅक्स भरा म्हटलं की समोरचा चोर आहे, पुढे बोलायचंच नाही. तसंच टोटवर डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या बेटवर मिळणारे पैसे, किती हे बेटिंग बंद झाल्यावर, एकूण किती पैसे कोणत्या घोड्यावर जमा झाले त्यावरून ठरतं. त्याचा रेट आधी लॉक करणं कोणालाच शक्य नाही.

त्यांनी एक कोर्टाचा कागद पण पाठवला होता, रेस लीगल आहे म्हणून. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय ही गोष्ट खरी आहे. पण त्यामुळे रेसकोर्सबाहेर कोणीही ॲप काढून बेट घ्यायला मोकळा झाला असं अजिबात नाही, आपल्याकडे १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून चालू आहे. आणि गंमत नाही, संताप येतो, आतेभावाने पैसे परत मागितले तेव्हा याच कायद्याची धमकी दिली, तक्रार केली तर तूच आत जाशील, तुझ्या बेटचे सगळे स्क्रीनशॉट आमच्याकडे आहेत. तो घाबरून बरेच दिवस गप्प बसला आणि तेवढ्यात पैसे त्या खात्यांतून पुढे निघून गेले.

शेवटी वहिनीनेच त्याचा फोन पाहिला आणि मला बोलावलं. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, मग सायबर पोलिसांकडे गेलो. तिथे ज्यांनी लिहून घेतलं त्यांनी एका शब्दाने त्याला अपमानास्पद बोललं नाही, फसवणुकीची तक्रार म्हणूनच घेतली. एका खात्यात थोडी रक्कम अडकवून ठेवता आली, बाकीची खाती रिकामी होती. पहिल्या दिवशीच फोन केला असता तर जास्त अडकली असती असं तिथेच सांगितलं.

तो चॅनल बंद झाला, पण दुसऱ्या नावाने तेच कार्ड फिरतंय हे मला परवाच एका मित्राकडे दिसलं. कोणी यात पैसे भरले असतील तर चॅट डिलीट करू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका, तुमच्यासारखाच अजून कोणी मेंबर ओळखीचा असेल तर दोघांच्या एकाच दिवसाच्या कार्डाचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेवा. प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) लागतो, बँकेचं स्टेटमेंट लागतं, ॲपची लिंक आणि ज्या नंबरवरून कार्ड यायचं तो नंबर लागतो. बँकेत पण वेगळा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, आम्हाला त्यासाठीच परत जावं लागलं.