पहिला रॉक क्रॉलर: तयार टीआरएक्स-४ की हाताने जोडलेला एससीएक्स१०?

१/१० प्रमाणातला पहिला क्रॉलर, म्हणजे दगडधोंड्यांवर चढणारी रिमोटवरची छोटी गाडी, घ्यायचा असेल, तर मी दोनच गाड्या समोर ठेवेन. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ खोक्यातून काढली, बॅटरी लावली की चालते. ॲक्सिअलच्या एससीएक्स१० च्या तिसऱ्या पिढीचं किट मात्र आधी स्क्रू-स्क्रू करून जोडावं लागतं.

पोर्टल ॲक्सल टीआरएक्स-४ मध्ये आहेत आणि एससीएक्स१० च्या जीप रँग्लर किटमध्येही. चाकापाशी गिअरची आणखी एक जोडी असल्याने ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो, डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांचा) गोळा दगडावर अडकत नाही आणि ड्राइव्हशाफ्टवर पीळही कमी पडतो. तेव्हा दुकानदार पोर्टलचं कौतुक करू लागला, तर त्यावरून निवड करू नका.

खरा फरक वळणावर कळतो. २०१७ साली आलेल्या टीआरएक्स-४ मध्ये डिफरन्शियल रिमोटवरून लॉक होतात, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरतात. सपाटीवर मोकळे ठेवले तर गाडी कमी जागेत वळते. दगड आला की लॉक करायचे. एससीएक्स१० चे डिफरन्शियल कायम लॉक, त्यामुळे वळण मोठं लागतं आणि टायर घासतात. पण बिघडायला भागही कमी. शिवाय तिच्या गिअरबॉक्समध्ये ‘डिग’ची सोय आहे: मागची चाकं रोखायची आणि पुढच्यांच्या ओढीने गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरवायची. दोन खडकांच्या बेचक्यात हे फार कामाला येतं, मात्र त्यासाठी वेगळा सर्वो (रिमोटच्या इशाऱ्यावर दांडा फिरवणारी छोटी मोटर) आणि रिमोटवर जादा चॅनल हवा.

पैशांत किट स्वस्त पडेल असं वाटतं, पण तसं होत नाही. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्वो, रिमोट-रिसीव्हर, बॉडीचा रंग, सगळं वरून. टीआरएक्स-४ ला बॅटरी आणि चार्जर घेतला की झालं. फक्त तिचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा आहे, दुसरी बॅटरी लावायची तर ॲडॉप्टर लागतो. पुढे कधीतरी चाकं वळवायचा दणकट सर्वो दोन्हींना लागतोच. दगडात अडकलेली लॉक चाकं वळवायला २० किलो-सेंमीच्या वरचा घ्या.

तरीही ज्याला हे वेड टिकवायचं आहे त्याने किटच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. शॉकमध्ये तेल भरून पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा, बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबायचं, मगच झाकण लावायचं. डावा-उजवा शॉक दाबून सोडला की सारख्याच वेगाने वर यायला हवा. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला भिडणारा मोठा गिअर) यांच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवून मोटर घट्ट करायची. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावायचं, प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नाही. एवढं ज्याने स्वतः केलं आहे, त्याला डोंगरात गाडीतून कटकट आवाज आला की कुठे बघायचं ते बरोबर कळतं.

पावसाळ्यात मात्र पारडं टीआरएक्स-४ कडे झुकतं. तिचं इलेक्ट्रॉनिक्स मुळातच वॉटरप्रूफ आहे. किटमध्ये ती जबाबदारी तुमच्या खरेदीवर. सह्याद्रीचा कोरडा बेसॉल्ट टायरला झकास धरतो, शेवाळ चढलं की तोच खडक लॉक केलेल्या चाकांनाही दाद देत नाही. पाण्यातून आल्यावर कुठलीही गाडी असो, बेअरिंग सुकवून तेलाचा थेंब द्यायचाच.

घेतलेली गाडी तपासायची ती घरातच. प्लायवूडच्या फळीवर आडवी उभी करा, फळीची एक बाजू हळूहळू उचला आणि वरची चाकं सुटतात तो कोन मोबाइलवर बघा. मग पुढच्या चाकांपाशी पितळेची वजनं लावा, पुन्हा मोजा. त्यानंतर फळीला चढ देऊन गाडी सरळ चढवा. पुढचा भाग उचलला जात असेल तर वजन अजून पुढे आणि खाली हवं आहे. बॉडीवरचा कॅरिअर, जेरीकॅन, फावडं हे सगळं त्यानंतर चढवा, आणि चढवल्यावर कोन परत मोजा.