अपलोडला अठरा तास: आमचं कोपरखैरण्याचं नेट आणि भावाकडचं चॅटनूगाचं नेट

काल रिन्यूअलचा मेसेज आला, वर्षाचं भरलं तर दोन महिने फ्री वगैरे, म्हटलं पैसे टाकायच्या आधी तीन वर्षांचा हिशोब एकदा लिहूनच काढावा. कंपनीचं नाव टाकत नाही. नेट देणारा दादा इथे नवी मुंबईत आमच्याच सेक्टरमधला आहे, गणपतीत आरतीला येतो, आणि खरं सांगायचं तर अर्धी चूक त्याची नाहीच्चे.

आधी मी नेट कशाला वापरते ते सांगते, कारण नुसते रील बघणाऱ्याची काही तक्रार नसेल. मी घरून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. फोटोग्राफर हार्डडिस्क आणून देतो, मी कापते, जोडते, रंग बसवते आणि सगळं क्लाउडवर चढवते. एका लग्नाचा माल साठ ते ऐंशी जीबी, हळद-संगीत धरलं तर कधीकधी त्याच्याही वर. म्हणजे माझं पोट अपलोडवर आहे.

प्लॅन १०० एमबीपीएसचा (सेकंदाला शंभर मेगाबिट, आणि आठ बिट मिळून एक बाइट), ७०० रुपये प्लस १८ टक्के जीएसटी, ८२६ होतात. डाउनलोड खरंच नव्वद-पंच्याण्णव येतो, रात्री नऊ ते अकरा सोडून. अपलोड दहा. कधी लहर लागली तर बारा. घेताना विचारलं होतं की अप-डाऊन सेम ना, तर "हो मॅडम, फायबर आहे ना" असं म्हणाले, आणि मी येडी तेवढ्यावर खूश झाले. आता दहाच्या अपलोडने ऐंशी जीबी चढवायचं गणित करा, अठरा तास लागतात जवळजवळ, ते पण मधे एकदाही लाइन न तुटता. सीझनमधे मी रात्री अपलोड लावून झोपते आणि तीन वाजता उठून बघते, घरात तान्हं बाळ असल्यासारखं. एकदा तर वैतागून हार्डडिस्क पर्समधे टाकली, ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली आणि ठाण्याला पार्टीच्या हातात नेऊन दिली, घरापासून पाऊण तास. ऐंशी जीबी पाऊण तासात म्हणजे २३० एमबीपीएसच्या वर पडला की स्पीड, दहा रुपयाच्या तिकिटात!

आणि लाइन तुटतेच. राउटरवर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला की समजायचं वायर कुठेतरी गेली. कधी उंदीर, कधी रस्ता खोदणाऱ्याचं फावडं, कधी गच्चीवरून गच्चीवर टाकलेली वायर कुणीतरी गोधडी वाळत घालताना ओढली. जोडायला जो पोरगा येतो तो एक नंबर आहे, हात सफाईचा, चप्पल बाहेर काढून आत येतो, पाणी दिलं तर थँक्यू म्हणतो. पण स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं मशीन तीन सेक्टरांत मिळून एकच, आणि आपली वायर तुटली की ते मशीन नेमकं घणसोलीला असतं. एका पावसाळ्यात सलग चार दिवस लाल दिवा. कस्टमर केअरला फोन लावला तर तिकीट नंबर मिळतो, मग तिकीट सॉल्व्ह झाल्याचा मेसेज येतो, दिवा लालच.

मग बदलत का नाही असं सगळे विचारतात. कोपरखैरण्यात नेट देणारे कमी आहेत का, रोज एक पत्रक दाराला लटकवलेलं असतं. पण आमच्या बिल्डिंगच्या डक्टमधे (वायरी-पाइप वर नेणारी उभी पोकळी) वायर एकाचीच. दादा सोसायटीला सीसीटीव्हीचं नेट फुकट देतो आणि त्या बदल्यात दुसऱ्या कुणाला डक्ट उघडून मिळत नाही, हे कुठे लिहिलेलं नाही पण सगळ्यांना माहितीये. दुसऱ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, सेक्रेटरीकाका म्हणाले मीटिंगमधे घेऊ. ती मीटिंग रंगकामावर संपली. शहरात एवढी कॉम्पिटिशन आहे म्हणून तर ८२६ मधे भागतंय, पण ती सगळी कॉम्पिटिशन आमच्या गेटपर्यंत येऊन थांबते.

आता भावाकडचं. तो अमेरिकेत टेनेसी राज्यात चॅटनूगाला असतो, मी पाच आठवडे जाऊन आले, आणि कामाचा लॅपटॉप घेऊन गेले होते कारण क्लायंटला सुट्टी वगैरे कळत नाही. तिकडे नेट देतं ईपीबी, म्हणजे शहराच्या मालकीचं वीज मंडळ. आधी माझा विश्वासच बसेना, लाइटवाले नेट देतात? आपल्याकडे मुंबईत बेस्टची बस आणि बेस्टचीच वीज असते ना पालिकेची, तसं समजा. वीज द्यायला म्हणून ईपीबी १९३५ मधे स्थापन झालं. पुढे त्यांना विजेचं जाळं सुधारायचं होतं, स्मार्ट मीटर आणि आपोआप चालणारे स्विच बसवायचे होते, त्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायला फायबर लागणार होती, तर म्हणाले टाकतोच आहे तर लोकांच्या घरात पण देऊ. केंद्र सरकारकडून या वीजजाळ्यासाठी सुमारे ११ कोटी डॉलर मिळाले, बाकीचं कर्ज काढलं. केबल कंपन्या कोर्टात गेल्या, तिकडे त्यांची डाळ शिजली नाही. २०१० मधे यांनी आख्ख्या वीजहद्दीत १ गिगाबिट (म्हणजे हजार एमबीपीएस) द्यायला सुरुवात केली, गुगलने कॅन्सस सिटीत फायबरचं नेट चालू केलं त्याच्याही आधी. तेव्हा दर होता महिना ३५० डॉलर, म्हणजे कुणी घ्यायचं! नंतर सत्तरच्या आत आणला.

भाऊ महिन्याला ६८ डॉलर भरतो, १ गिगाबिट, अप-डाऊन खरोखर सेम. मी पहिल्याच रात्री एक नाशिकचं लग्न चढवायला लावलं आणि सवयीने भांडी घासायला गेले, परत आले तर झालेलं. मला वाटलं एरर आलाय. ऐंशी जीबीला पंधरा-सोळा मिनिटं. मी वहिनीला बोलावून दाखवलं, ती म्हणाली यात काय एवढं.

एकदा वादळ झालं, मागच्या रस्त्यावर झाड पडलं, दिवे दोन सेकंद गेले आणि आले. ते जे आपोआप चालणारे स्विच आहेत ना, हजाराच्या वर आहेत म्हणे, ते बिघडलेला तुकडा बाजूला काढतात आणि दुसऱ्या वाटेने वीज फिरवतात, त्याच फायबरवर बोलून. नेट गेलंच नाही. इथे मला पहिल्यांदा जेलसी का काय म्हणतात ते झालं.

पण आंधळं कौतुक नको. ६८ डॉलर म्हणजे आपले पावणेसहा हजारांच्या आसपास, आपल्याकडे तेवढ्यात सात महिने निघतात. दुसरं म्हणजे ही चैन वीजहद्दीतच. भावाच्या ऑफिसातला एक जण हद्दीच्या दोन मैल पलीकडे राहतो, त्याला ईपीबी मिळतच नाही, कारण राज्याचा कायदा सांगतो की जिथे तुमची वीज तिथेच तुमचं नेट. २०१५ मधे एफसीसीने, म्हणजे फोन-नेटवर देखरेख ठेवणाऱ्या तिकडच्या केंद्रीय आयोगाने, हा कायदा बाजूला सारायचा प्रयत्न केला, चॅटनूगा आणि नॉर्थ कॅरोलायनातलं विल्सन या दोघांसाठी, पण पुढच्या वर्षी कोर्टाने तो निर्णय उलटवला. ईपीबीची फायबर तयार, घेणारे तयार, आणि मधे कागद. आमच्या डक्टसारखंच झालं की हे, फक्त सेक्रेटरीकाकांच्या जागी आख्खी विधानसभा.

खासगी कंपन्या तिथून पळून गेल्या असं पण नाही झालं. २०१५ लाच एका बड्या केबल कंपनीने तिथे २ गिगाबिट आणलं, त्याच वर्षी ईपीबीने १० गिगाबिट जाहीर केलं, २०२२ ला २५. घरात २५ गिगाबिट घेऊन कुणी काय करतं देवाला ठाऊक. पण खुन्नस कशी असते बघा, आपल्याकडे एनएमएमटीची बस येतेय दिसलं की शेअर रिक्षावाला चौथं सीट भरायची वाट न बघता निघतो, तसलंच.

तिकडच्या विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक बेंटो लोबो (नाव वाचून मला गोवाच आठवला) यांनी २०२० मधे हिशोब मांडला की दहा वर्षांत शहराला २६९ कोटी डॉलरचा फायदा झाला, साडेनऊ हजार नोकऱ्या वगैरे. अशा आकड्यांवर मी फार जीव टाकत नाही, त्यात वीज कमी गेल्याचा फायदा पण धरलाय. मला जे लागलं ते वेगळंच. कोविडमधे तिथे सुमारे २८ हजार गरीब शाळकरी मुलांना घरी फुकट नेट द्यायचं ठरलं, १०० एमबीपीएस, अप-डाऊन सेम. फुकट! म्हणजे माझ्या पैसे भरून घेतलेल्या अपलोडच्या दहापट.

सगळीकडे असं जमत नाही हेही सांगते, नाहीतर म्हणाल अमेरिकेहून आली आणि डोक्यात हवा गेली. युटामधे प्रोव्हो नावाचं गाव आहे, त्यांनी स्वतःचं फायबर नेटवर्क ३.९ कोटी डॉलर घालून उभं केलं, चालवता आलं नाही, आणि २०१३ मधे गुगलला विकलं, किंमत एक डॉलर. कर्जाचा हप्ता मात्र घरटी पाच डॉलरच्या वर दर महिन्याच्या बिलात येतच राहिला. तिकडे कोणी रिव्ह्यू लिहीत असेल तर माझ्यापेक्षा तिखट असेल.

मला स्वतःला स्टॉकहोमचा प्रकार जास्त पटला. तिथे १९९४ पासून स्टोकॅब नावाची पालिकेची कंपनी आहे, ती घरोघरी नेट विकतच नाही. नुसती रिकामी फायबर टाकते, आणि ज्याला पाहिजे त्याने भाड्याने घ्यावी. रस्ता पालिकेचा, गाड्या ज्याच्या त्याच्या. नवी मुंबईत हे अगदीच अशक्य वाटत नाही मला. ज्या पालिकेने स्वतःचं मोरबे धरण घेऊन तिकडून पाणी नळापर्यंत आणलं तिला पाइपात पाइप टाकणं जड आहे का? आणि गंमत म्हणजे ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात एवढी डेटा सेंटरं उभी आहेत, माझी फाइल बहुतेक तिथल्याच एखाद्या मशीनवर जाऊन बसत असेल, रिक्षाने पंधरा मिनिटांवर, आणि तिथे पोचायला तिला अठरा तास.

सरकारी नेट आपल्याला नवीन नाही. एमटीएनएलच्या हद्दीत मुंबईबरोबर ठाणे-नवी मुंबई पण यायचं, त्यांच्या ट्रायबँड नावाच्या २५६ केबीपीएसच्या (पाव एमबीपीएस) नेटवर मी दहा मिनिटं फोटो उघडायची वाट बघितलीये आणि तेव्हा भारी वाटायचं. पण ती कंपनी दिल्लीची. शहराची असण्यात वेगळी मजा आहे, ईपीबीला भावाने फोन केला तेव्हा उचलणारी बाई त्याच शहरातली, तिला त्याचा रस्ता माहीत होता. केरळने मधला मार्ग काढलाय, केफॉन, २०२३ च्या जूनमधे चालू झालं, राज्य सरकारचं, वीज मंडळाच्या खांबांवरून फायबर, तेव्हा २० एमबीपीएस २९९ रुपयांत आणि २० लाख गरीब घरांना फुकट द्यायचं उद्दिष्ट. माझ्या कामाला २० पुरणार नाही, पण आमच्या मावशींच्या मुलीच्या ऑनलाइन क्लासला रग्गड.

तर रेटिंग. ईपीबी साडेचार, अर्धा दराचा कापला. आमचं नेट अडीच, त्यातला एक पूर्ण त्या स्प्लायसिंगवाल्या पोराचा. दादाला काल गाठून सरळ विचारलं की अपलोड वाढवून दे, वरचे पैसे घे. तो म्हणाला बिझनेस प्लॅन घ्या ताई, ५० चा अपलोड मिळेल, १,५०० प्लस जीएसटी. मी एका महिन्याचा घेतलाय, वर्षाचा नाही, ते दोन फ्री महिने त्याच्याकडेच राहू दे. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगसाठी डक्टचा विषय लेखी दिलाय, रंगकामाच्या वरती, पोच घेऊन. आमच्या विंगमधल्या कुणी वाचत असाल तर रविवारी अकराला खाली या, कोरम कमी पडतो.